दुर्मीळ म्हणून दुर्लक्षित: बीएमटी रुग्णांच्या सायनसमधील बुरशीबाबत खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय: स्टेम सेल, म्हणजेच बोन मॅरो (अस्थिमज्जा), प्रत्यारोपण (बीएमटी) झालेल्या रुग्णांच्या सायनसमधील बुरशीजन्य संसर्गाचे निदान, औषध व शस्त्रक्रिया वेळेत होण्यासाठी कायमस्वरूपी व्यवस्था करण्याबाबत.

स.न.वि.वि.

मे २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसचे, म्हणजे ‘काळ्या बुरशी’चे, रुग्ण वाढले तेव्हा सरकारी यंत्रणा किती वेगाने हलू शकते हे सगळ्यांनी पाहिले. २० मे रोजी केंद्राने राज्यांना हा आजार साथरोग कायद्याखाली अधिसूचित करायला सांगितले. महाराष्ट्राने त्यावरचे उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आणले. १२ जूनला जीएसटी परिषदेने अँफोटेरिसिन बी या बुरशीविरोधी औषधावरचा कर शून्यावर आणला. ही सवलत आधी सप्टेंबरअखेरपर्यंत होती, मग ३१ डिसेंबर २०२१ पर्यंत वाढली आणि संपली. लाट ओसरली, तशी फाइलही मिटली.

बोन मॅरो प्रत्यारोपणाच्या वॉर्डात मात्र हा आजार कोविडच्या आधीही होता आणि आजही आहे. ल्युकेमिया, ॲप्लास्टिक ॲनिमिया, थॅलेसेमिया अशा आजारांसाठी ज्यांचे बीएमटी होते, त्यांच्यातल्या थोड्या जणांच्या नाकात आणि सायनसमध्ये बुरशी शिरते. संख्या थोडी आहे, म्हणून ना मोर्चा निघतो ना बातमी होते. आम्ही या रुग्णांवर उपचार करणारे रक्तविकारतज्ज्ञ, कान-नाक-घसा शल्यचिकित्सक, मायक्रोबायोलॉजिस्ट, फार्मासिस्ट आणि परिचारिका आहोत. रुग्ण हातातून जातो तेव्हा बहुतेक वेळा ज्ञान कमी पडलेले नसते. सही, साठा, बाटली किंवा शनिवार-रविवार आड आलेला असतो. हे पत्र त्याबद्दल आहे, आणि ते जाहीरपणे लिहितो आहोत कारण रुग्णांच्या घरच्यांनाही यातले प्रश्न विचारता आले पाहिजेत.

आधी आजार कसा चालतो ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढच्या तक्रारी तासांच्या भाषेत का आहेत ते लक्षात येईल.

प्रत्यारोपणाआधी रुग्णाचा जुना मॅरो तीव्र औषधांनी रिकामा करतात. नव्या पेशी रुजेपर्यंत, म्हणजे साधारण दोन ते तीन आठवडे, रक्तातले न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, दर मायक्रोलिटरला ५०० च्या खाली असतात, बऱ्याचदा १०० च्याही खाली. हवेतले बुरशीचे बीजाणू आपण सगळेच रोज श्वासाबरोबर घेतो. न्यूट्रोफिल त्यांचा बंदोबस्त करतात. ते नसले की बीजाणू नाकात रुजतो, त्याचे तंतू रक्तवाहिन्यांत शिरतात, वाहिनी बुजते आणि पुढचा भाग मरतो. मेलेल्या भागात रक्त पोचत नाही, म्हणून शिरेतून दिलेले औषधही पोचत नाही. नाकाच्या बाजूच्या पातळ हाडापलीकडे डोळा आहे आणि वर मेंदू. तिथवर जायला काही वेळा दोन-तीन दिवस पुरतात.

धोक्याचा दुसरा काळ अधिक फसवा असतो. नव्या पेशी रुजल्या, रुग्ण घरी गेला, आणि मग जीव्हीएचडी, म्हणजे दात्याच्या पेशींनी रुग्णाच्याच शरीरावर केलेला हल्ला, सुरू झाला की मोठ्या मात्रेत स्टेरॉइड द्यावे लागते. रक्ताचा रिपोर्ट तेव्हा ठीक दिसतो, पण पेशी काम करत नसतात. हा काळ महिनोन्‌महिने चालू शकतो.

लक्षणे किरकोळ असतात. ताप, एका बाजूचा गाल जड वाटणे, वरच्या दाताची दुखी, गालाची संवेदना कमी होणे, डोळ्याभोवती थोडी सूज. पू येत नाही, कारण पू व्हायला न्यूट्रोफिल लागतात. टाळूवर किंवा नाकात काळा डाग दिसला की सगळे धावतात, पण तो डाग म्हणजे ऊती मरून गेल्याची खूण आहे. निदान त्याच्या आधी व्हायला हवे. एंडोस्कोपमधून मधले टर्बिनेट (नाकाच्या आतल्या बाजूचा, अस्तराने झाकलेला हाडाचा उंचवटा) गुलाबी, ओलसर दिसायला हवे. संसर्गाच्या सुरुवातीला त्याचा एखादा भाग फिकट, निस्तेज दिसतो. उपकरणाच्या टोकाने स्पर्श केला तर रुग्णाला कळत नाही, आणि चिमटा घेतला तर रक्त येत नाही. प्लेटलेट वीस हजारांवर आलेल्या माणसाच्या नाकातून रक्त येत नसेल, तर ते चांगले लक्षण नव्हे.

आता तक्रारी.

पहिली तक्रार निदानाची, आणि ती सगळ्यात मोठी आहे.

चार दिवस, म्हणजे ९६ तास, प्रतिजैविके देऊनही ताप उतरला नाही की छाती आणि सायनसचा सीटी करायचा, हे सगळ्यांना माहीत आहे. साध्या एक्स-रेचा इथे काही उपयोग नाही. सीटीही सुरुवातीला फक्त एका बाजूच्या अस्तराची सूज दाखवतो. हाड खाल्लेले दिसायला वेळ लागतो. त्यामुळे ‘सीटीत विशेष काही नाही’ या वाक्यावर एंडोस्कोपी पुढे ढकलणे चूक आहे. एमआरआयमध्ये कॉन्ट्रास्ट दिल्यावर मेलेले टर्बिनेट काळे राहते आणि त्यातून अधिक कळते, पण अनेक ठिकाणी एमआरआयची पूर्वमंजुरी येईपर्यंत ते कळण्याची गरज उरलेली नसते.

खरे निदान तुकड्यावर होते. नाकातल्या संशयित जागेचा आणि तिच्या कडेचा तुकडा घ्यायचा. त्याचे दोन भाग करायचे: एक फॉर्मेलिनमध्ये पॅथॉलॉजीला, दुसरा निर्जंतुक सलाइनमध्ये मायक्रोबायोलॉजीला. हा दुसरा भाग काचपट्टीवर ठेवून त्यावर १० ते २० टक्के केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड, जे ऊती विरघळवून बुरशी उघडी करते) आणि शक्य असेल तर कॅल्कोफ्लूर व्हाइट हा बुरशी चमकवणारा रंग टाकला की तासाभरात उत्तर मिळते. रुंद, फितीसारखे, जवळजवळ पडदे नसलेले आणि काटकोनाच्या आसपास फुटलेले तंतू दिसले तर म्युकर गट, म्हणजे म्युकरमायकोसिस करणाऱ्या बुरशी. बारीक, पडदे असलेले, साधारण ४५ अंशांत फुटलेले तंतू असतील तर ॲस्परजिलस, फ्युजेरियम किंवा सेडोस्पोरियम या दुसऱ्या बुरशी.

हा फरक जीवनमरणाचा आहे, कारण औषधे उलटसुलट आहेत. ॲस्परजिलसवर पहिली पसंती असलेले व्होरिकोनाझोल म्युकरवर चालत नाही. अँफोटेरिसिन म्युकरवर चालते, पण ॲस्परजिलस टेरियस आणि सेडोस्पोरियमवर त्याचा भरवसा नाही. प्रतिबंधासाठी व्होरिकोनाझोल चालू असताना रुग्णाचे सायनस बिघडले, तर आधी म्युकरच समजून वागावे लागते. आणि रुग्ण फक्त फ्लुकोनाझोलवर असेल तर या कोणत्याच बुरशीपासून त्याला संरक्षण नाही. ते औषध कॅन्डिडा या यीस्ट प्रकारच्या बुरशीसाठी आहे.

प्रत्यक्षात काय होते? सगळा तुकडा फॉर्मेलिनच्या बाटलीत जातो, कारण थिएटरमध्ये तीच बाटली हाताशी असते. फॉर्मेलिनमध्ये बुरशी मरते, मग कल्चर कसले? काही ठिकाणी तुकड्याऐवजी स्वॅब पाठवतात. मेलेल्या ऊतीत खोल गेलेले तंतू कापसाला लागत नाहीत. प्रयोगशाळेत तुकडा खलबत्त्यात वाटला जातो आणि म्युकरचे नाजूक तंतू तुटून कल्चर निगेटिव्ह येते. तो पात्याने बारीक कापायचा असतो. नमुना रात्रभर फ्रिजमध्ये ठेवतात, तेही म्युकरला मानवत नाही. सायक्लोहेक्सिमाइड घातलेल्या माध्यमावर लावला तर अनेक घातक बुरशी वाढतच नाहीत. आणि हे सगळे नीट झाले तरी शनिवारी दुपारनंतर केओएच वाचणारा माणूस कामावर नसतो.

रक्तातल्या चाचण्यांवरचा विश्वासही तपासून घ्यायला हवा. गॅलॅक्टोमॅनन आणि बीटा-डी-ग्लुकान या, बुरशीच्या पेशीभिंतीतले घटक शोधणाऱ्या, दोन्ही चाचण्या म्युकरमध्ये निगेटिव्ह येतात. रिपोर्ट निगेटिव्ह, म्हणून अँफोटेरिसिन थांबवले, अशा नोंदी केसपेपरवर सापडतात. फ्युजेरियम रक्ताच्या कल्चरमध्ये बऱ्याचदा सापडते आणि अंगावर दुखऱ्या, मध्ये काळ्या पडणाऱ्या गाठी येतात. म्हणजे इथे तपासणाऱ्याने सदरा वर करून पाहिले तरी निदानाला मदत होते. तेही राहून जाते.

उशिराची किंमत मोजलेली आहे. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रातून २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रक्ताचे कर्करोग असलेल्या म्युकर रुग्णांना अँफोटेरिसिन सहा दिवस किंवा त्याहून उशिरा मिळाले तेव्हा बारा आठवड्यांतला मृत्यूदर सुमारे ८३ टक्के होता. वेळेत मिळालेल्यांत तो सुमारे ४९ टक्के होता. तिथे सगळी साधने हाताशी होती, तरी हा फरक पडला.

दुसरी तक्रार औषधाची.

लायपोसोमल, म्हणजे चरबीच्या सूक्ष्म कणांत बंदिस्त केलेल्या, अँफोटेरिसिनची मात्रा दर किलो वजनाला रोज ५ मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला ३०० मिलिग्रॅम, म्हणजे ५० मिलिग्रॅमच्या सहा व्हायल रोज. दोन आठवड्यांत ८४, सहा आठवड्यांत २५२. मेंदूपर्यंत संसर्ग गेला तर मात्रा १० मिलिग्रॅमपर्यंत न्यावी लागते आणि हे आकडे दुप्पट होतात. प्रत्यारोपणाचे पॅकेज ठरवताना सगळे सुरळीत पार पडेल असे धरलेले असते, त्यामुळे हा खर्च पॅकेजच्या बाहेर पडतो. मग नातेवाइकाच्या हातात चिठ्ठी दिली जाते आणि तो मुख्यमंत्री सहायता निधी, ट्रस्ट, दागिने, शेत अशा क्रमाने फिरतो. पहिल्या डोसची वेळ त्याच्या पायावर ठरते. वैद्यकीय निर्णय असा कुणाच्या पायावर सोडायचा नसतो.

पूर्वमंजुरीसाठी ‘बायोप्सीचा अंतिम अहवाल जोडा’ असे सांगितले जाते. अंतिम अहवालाला चार-पाच दिवस लागतात. केओएचचा तासाभराचा अहवाल मंजुरीला पुरेसा मानायला काय हरकत आहे, हे आम्हाला अजून कोणी समजावून सांगितलेले नाही.

साठ्याच्या मागणीपत्रात नुसते ‘इंजे. अँफोटेरिसिन बी ५० मि.ग्रॅ.’ लिहिले जाते. हा निष्काळजीपणा जीवघेणा ठरू शकतो. साधे, म्हणजे डीऑक्सिकोलेट, अँफोटेरिसिन दर किलोला फार तर १ मिलिग्रॅम द्यायचे असते. लायपोसोमल समजून तेच ५ मिलिग्रॅमने दिले तर हृदय बंद पडू शकते. दोन्ही व्हायल ५० मिलिग्रॅमच्याच असतात आणि एकाच कपाटात ठेवलेल्या असतात. शिवाय सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असलेल्या बीएमटी रुग्णाला साधे अँफोटेरिसिन योग्य मात्रेत दिले तरी किडनी बसण्याचा धोका मोठा. स्वस्त औषध दिले आणि मग डायलिसिसचे बिल भरले, यात कोणाची बचत झाली?

वॉर्डात औषध तयार करण्याचीही रीत आहे आणि ती भिंतीवर लावलेली असायला हवी. बहुतेक ब्रँडच्या व्हायलमध्ये १२ मिलिलिटर निर्जंतुक पाणी घालून अर्धा मिनिट जोरात हलवायचे, सोबत आलेल्या फिल्टरमधून काढायचे आणि फक्त ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये मिसळायचे. सलाइनमध्ये मिसळले तर ते साकळते. किडनी जपण्यासाठी आधी सलाइन चढवतात ते बरोबरच आहे, पण त्याच नळीतून औषध सोडायचे असेल तर आधी नळी डेक्स्ट्रोजने धुवावी लागते. ड्युटी बदलताना नेमके हेच विसरले जाते. रोज क्रिएटिनिन, पोटॅशियम, मॅग्नेशियम बघावे लागते. पोटॅशियम इतके उतरते की तोंडाच्या सिरपने भागत नाही.

प्रतिबंधक औषधांचेही तसेच. पोसाकोनाझोलची डिलेड रिलीज गोळी पहिल्या दिवशी ३०० मिलिग्रॅम दोनदा आणि मग रोज एकदा. टेंडरमध्ये स्वस्त पडते म्हणून तिच्याऐवजी सस्पेन्शन आले, तर ते चरबीयुक्त जेवणाबरोबरच नीट शोषले जाते, आणि आम्लता कमी करणारी औषधे चालू असली की अजून कमी. केमोने तोंड सोललेल्या, दोन घास न गिळू शकणाऱ्या रुग्णाने तूपभात खाऊन सस्पेन्शन घ्यावे अशी ही अपेक्षा आहे. गोळी आणि सस्पेन्शनच्या मात्रा एकास एक बदलता येत नाहीत, हे खरेदी विभागाला कोणीतरी लेखी कळवावे.

व्होरिकोनाझोलची रक्तातली पातळी साधारण १ ते ५.५ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर हवी. एकच मात्रा कोणाला कमी पडते, कोणाला भास होण्याइतकी जास्त होते, कारण ते यकृतात मोडण्याचा वेग आनुवंशिक आहे. ही तपासणी राज्यात मोजक्या ठिकाणी होते. हे औषध सुरू करताना टॅक्रोलिमस एक तृतीयांशावर आणावे लागते, आणि बंद करताना परत वाढवावे लागते. पहिली गोष्ट लक्षात राहते, दुसरी राहत नाही, आणि मग जीव्हीएचडी उसळते.

तिसरी तक्रार हवेची.

बीएमटी खोलीसाठी ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवणारा हेपा फिल्टर, तासाला किमान १२ वेळा हवा बदल आणि बाहेरच्यापेक्षा किमान २.५ पास्कल जास्त दाब हे निकष जगभर ठरलेले आहेत. आपल्याकडे उद्घाटनाच्या दिवशी हे सगळे असते. त्यानंतर दाबाचा मीटर बंद पडतो आणि कोणाला कळत नाही; दार उघडे राहू नये म्हणून बसवलेला क्लोजर काढून टाकला जातो, कारण ट्रॉली अडकते; इंटरनेटची केबल टाकायला कोणीतरी फॉल्स सीलिंगची एक फरशी उचलतो आणि वर वर्षानुवर्षे साचलेली धूळ खाली येते. पावसाळ्यात एसीच्या कॉइलखाली पाणी साचते, प्लास्टर फुगते, आणि वरून रंग मारला जातो. ओल तशीच आत.

इमारतीचे काम हा सगळ्यात ओळखीचा धोका आहे. मुंबई-पुण्यात रुग्णालयाच्या शेजारी पाडकाम चालू नाही असा महिना शोधावा लागेल. पाडकाम, ड्रिलिंग, जुना प्लास्टर काढणे यांनी ॲस्परजिलसचे बीजाणू हवेत उसळतात. काम सुरू होण्याआधी वॉर्डाला कळवणे, मजल्यापासून छतापर्यंत बंद पडदा, कामाच्या बाजूला उणा दाब, राडारोडा झाकून वेगळ्या लिफ्टने नेणे, रुग्णाला सीटीला नेताना एन-९५, एवढ्यानेही बराच धोका टळतो. बांधकाम विभागाला मात्र हे रुग्णालयाच्या कामाचे अंग वाटत नाही. त्यांच्या लेखी ती ‘किरकोळ दुरुस्ती’ असते.

चादरींचा विषय क्षुल्लक वाटेल. न्यू ऑर्लिन्सच्या एका बाल रुग्णालयात २००८-०९ मध्ये म्युकरमायकोसिसने पाच मुले दगावली आणि तपासाचा माग रुग्णालयाच्या चादरी-कपड्यांपर्यंत गेला. आपल्याकडे लाँड्रीतून आलेले गठ्ठे दमट, उघड्या ट्रॉलीत, पावसाळ्यात व्हरांड्यात उभे असतात. औषधांची पुठ्ठ्याची खोकी थेट वॉर्डात उघडली जातात, तीही बंद व्हावीत.

चौथी तक्रार शस्त्रक्रियेची, आणि ती छोटी आहे कारण उपाय सरळ आहे. मेलेला भाग काढल्याशिवाय हा आजार बरा होत नाही. कडेला ताजे रक्त येईपर्यंत काढायचे, ४८ ते ७२ तासांनी पुन्हा बघायचे, लागले तर पुन्हा काढायचे. न्यूट्रोफिल वर यायची वाट बघत बसायचे नाही. यासाठी रात्री येऊ शकणारा ईएनटी (कान-नाक-घसा) शल्यचिकित्सक, मुलांसाठी २.७ मिलिमीटरचा एंडोस्कोप, आणि प्लेटलेट किमान ५०,००० पर्यंत नेण्यासाठी विकिरण केलेल्या सिंगल डोनर प्लेटलेट लागतात. काही केंद्रांत बीएमटी युनिट एका इमारतीत, ईएनटी दुसऱ्या संस्थेत आणि विकिरणाचे यंत्र तिसरीकडे, अशी रचना आहे. युनिटला मान्यता देताना हे तपासायला नको?

पाचवी, थॅलेसेमियाच्या मुलांची. बोरिवलीत महापालिकेचे थॅलेसेमिया आणि बीएमटी केंद्र चालते ही अभिमानाची गोष्ट आहे, आणि अशी मुले आता इतर शहरांतही प्रत्यारोपणाला येतात. वर्षानुवर्षे रक्त चढवल्याने त्यांच्या शरीरात लोह साचलेले असते. म्युकर गटातल्या बुरशीला लोह लागते. डेफेरॉक्सामिन हे लोह काढणारे इंजेक्शन रायझोपस या बुरशीला उलट लोह पुरवते. डेफेरासिरॉक्सच्या बाबतीत तसे होत नाही. प्रत्यारोपणाच्या तयारीत असलेल्या मुलाला कोणते औषध चालू आहे हे विचारून, शक्य तिथे वेळेत बदलणे हा फुकटातला प्रतिबंध आहे. डे-केअर केंद्रांना यावर एक साधे परिपत्रकही गेलेले नाही.

सहावी तक्रार डिस्चार्जनंतरची. स्टेरॉइडवर असलेला रुग्ण गावी जातो. तिथे गोठा आहे, कडबा आहे, शेणखताचा ढीग आहे, मळणी आहे, पावसाळ्यात भिंतीला आलेली ओल आहे, आणि दिवाळीआधीची झाडलोट आहे. ही कामे त्याने करायची नाहीत आणि चालू असताना त्या खोलीत थांबायचे नाही, हे त्याला कोणी मराठीत लिहून देत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी एका बाजूचे डोके दुखू लागते. तालुक्याचे डॉक्टर ‘सायनस आहे’ म्हणून प्रतिजैविक देतात, बरे वाटावे म्हणून स्टेरॉइडचे इंजेक्शनही देतात. त्यांची चूक काढण्यात अर्थ नाही. शंभर सायनसच्या रुग्णांत असा एकही नसतो, आणि हा रुग्ण वेगळा आहे हे सांगणारे कार्ड त्याच्या खिशात नसते.

सातवी: मोजणी नाही. देशातले पहिले बोन मॅरो प्रत्यारोपण १९८३ मध्ये मुंबईत, टाटा मेमोरियल रुग्णालयात झाले. एवढ्या वर्षांनंतरही राज्यात बीएमटीनंतर बुरशीने किती जण दगावले याची एकत्र नोंद नाही. मृत्यूच्या दाखल्यावर ‘सेप्सिस’ किंवा मूळ आजार लिहिला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये बुरशींची प्राधान्ययादी काढली. ॲस्परजिलस फ्युमिगॅटस तिच्या सर्वांत वरच्या गटात आहे, म्युकरेल्स आणि फ्युजेरियम त्याखालच्या. भारतात म्युकरचे प्रमाण जगाच्या अनेक पट आहे हे चंदीगडच्या पीजीआयएमईआर या वैद्यकीय संस्थेतल्या तज्ज्ञांनी कोविडच्या कितीतरी आधी मांडले होते. मोजणीच नसेल तर अर्थसंकल्पात तरतूद कशी होणार?

यावर मिळणारे उत्तर आम्हाला माहीत आहे: एवढ्या थोड्या रुग्णांसाठी एवढा खर्च परवडत नाही. वर लिहिलेल्या गोष्टी पुन्हा बघाव्यात. सलाइनची बाटली, केओएचची बाटली, मागणीपत्रातला एक शब्द, दाराचा क्लोजर, खिशातले कार्ड, परिपत्रक. महाग काही असेल तर औषध. आणि ज्या रुग्णाच्या प्रत्यारोपणावर योजनेने लाखो रुपये आधीच घातले आहेत, त्याला शेवटच्या टप्प्यावर सोडून देणे हा हिशेबही बरोबर नाही.

आमच्या मागण्या अशा आहेत.

१. केओएचचा अहवाल, किंवा ईएनटी आणि रक्तविकारतज्ज्ञ या दोघांच्या सहीचा लेखी संशय, यावर लायपोसोमल अँफोटेरिसिनला त्याच दिवशी मंजुरी द्यावी. अंतिम बायोप्सी नंतर जोडता यावी. हा खर्च प्रत्यारोपणाच्या पॅकेजपासून वेगळा धरावा.

२. प्रत्येक बीएमटी केंद्रात एका प्रौढ रुग्णाच्या पहिल्या तीन दिवसांपुरत्या, म्हणजे किमान १८ व्हायल कायम असाव्यात. मुदत संपत आलेला साठा दुसऱ्या केंद्राला देण्याची सोय असावी, म्हणजे नासाडीची सबब राहणार नाही.

३. मागणीपत्र, लेबल आणि संगणकात ‘लायपोसोमल’ किंवा ‘साधे’ हा शब्द सक्तीचा करावा. दोन्ही वेगळ्या कपाटात ठेवावीत.

४. ज्या रुग्णालयात बीएमटी होते तिथे आठवड्याचे सातही दिवस, चोवीस तास केओएच व्हावे आणि नमुना पोचल्यापासून चार तासांत फोनवर कळवावे. ईएनटी थिएटरमध्ये सलाइनची आणि फॉर्मेलिनची बाटली वेगळ्या रंगाच्या झाकणाची, शेजारी शेजारी असावी.

५. मुंबई किंवा पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे प्रत्येकी एका शासकीय प्रयोगशाळेत बुरशीची प्रजात ओळखणे, औषध-संवेदनशीलता आणि व्होरिकोनाझोल-पोसाकोनाझोलची रक्तपातळी या सोयी सुरू कराव्यात.

६. न्यूट्रोफिल ५०० च्या खाली असेपर्यंत परिचारिकेने रोज टॉर्चने टाळू आणि नाकाची पुढची बाजू पाहावी, दोन्ही गालांना कापूस लावून संवेदना विचारावी, डोळ्यांची हालचाल बघावी आणि केसपेपरवर नोंदवावे. संशय आल्यास सहा तासांत एंडोस्कोपी व्हावी. त्यासाठी परिचारिकेला थेट ईएनटीला फोन करण्याचा अधिकार असावा.

७. बीएमटी युनिट असलेल्या इमारतीत आणि आवारात भिंतीला भोक पाडण्यापासून पाडकामापर्यंत कोणतेही काम संसर्ग नियंत्रण समितीच्या लेखी परवानगीशिवाय होऊ नये. दाबाची नोंद रोज, आणि ती नातेवाइकांना दिसेल अशा जागी लावावी.

८. डिस्चार्जच्या वेळी मराठीत कार्ड द्यावे: कोणते प्रत्यारोपण, कोणती औषधे, कोणती कामे टाळायची, कोणत्या लक्षणांना त्याच दिवशी कोणाला फोन करायचा, आणि तालुक्याच्या डॉक्टरांसाठी एक ओळ: ‘या रुग्णाला सायनससाठी स्टेरॉइड देऊ नये, एंडोस्कोपीसाठी तातडीने पाठवावे.’

९. प्रत्यारोपणानंतरच्या प्रत्येक आक्रमक बुरशी संसर्गाची नोंद सक्तीची करावी आणि दरवर्षी केंद्रनिहाय आकडे जाहीर करावेत.

यातील ३, ६ आणि ८ साठी अर्थखात्याची मंजुरी लागत नाही; ती परिपत्रके पावसाळ्याआधी निघू शकतात. ४ आणि ७ साठी अधिष्ठात्यांची एक बैठक पुरेशी आहे. उरलेल्यांसाठी आपण तारीख द्यावी. केओएचची कार्यपद्धती, औषध तयार करण्याचा तक्ता आणि रुग्णाच्या कार्डाचा मसुदा लिहून द्यायला आम्ही तयार आहोत. कोणत्या कक्षात आणि कोणाकडे द्यायचा, तेवढे कळवावे.

कळावे,

राज्यातील बीएमटी रुग्णांवर उपचार करणारे काही डॉक्टर, परिचारिका, फार्मासिस्ट आणि प्रयोगशाळा कर्मचारी